घोडी विण्यापूर्वींची तयारी

गाय किंवा म्हैस वितांना आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. परंतु घोडी वितांना पाहिलेला मनुष्य विरळा. याचें एक कारण असें कीं, घोडीं आतां खेड्यापाड्यांतून कमी झालीं आहेत. आणि दुसरें असें कीं, घोडी बहुधा रात्रीं, सभोंवार सामसूम झाल्यावरच विते. तथापि आपल्या महाराष्ट्रांत आजही असे लोक आहेत कीं ज्यांचा संसार घोडीच्या पाठीवर चालतो. भीमेच्या कांठच्या प्रदेशावरून जीं भीमथडी तट्टें म्हणून ओळखलीं जातात, तीं एके काळीं मराठ्यांच्या घोडदळांत नांवाजलेलीं होतीं. आज तीं मुख्यत्वेंकरून मेंढपाळ धनगर बाळगतात. पावसाळा सरला म्हणजे हीं कुटुंबें चाऱ्याच्या शोधांत निघतात, आणि भांडीं, अंथरुणें, कोंबड्या व नुकतींच जन्मलेलीं कोंकरें असें सर्व बिऱ्हाड तट्टांच्या पाठीवर असतें. अशा घरची घोडी विण्यांत दगावली तर केवळ एक जनावर गेलें असें होत नाहीं. वाटेवरच संसार खोळंबतो. म्हणून गाभण घोडीची निगा कशी राखावी, व तशी कां राखावी, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम कालगणना. घोडीचा गर्भकाल सुमारें ३४० दिवसांचा, म्हणजे अकरा महिन्यांचा असतो. परंतु कोणती घोडी याहून दोन-तीन आठवडे आधीं विते, तर कोणती तितकीच मागें राहते. म्हणून घोडी घोड्यास दाखविल्याची तारीख टिपून ठेवावी. पण केवळ तारखेवर विसंबूं नये.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. मनुष्याच्या बालकास मातेच्या रक्तांतील रोगप्रतिकारक द्रव्यें उदरांत असतांनाच मिळतात. घोडीच्या वारेची रचना मात्र निराळी आहे; तींतून हीं द्रव्यें शिंगराकडे जाऊं शकत नाहींत. यामुळें शिंगरूं जन्मतें तें जणूं निःशस्त्रच जन्मतें. त्याचें पहिलें चिलखत म्हणजे घोडीचा चीक. या चिकांत तीं द्रव्यें विपुल असतात, आणि नुकत्याच जन्मलेल्या शिंगराचें आंतडें तीं जशींच्या तशीं शोषून घेतें. परंतु हें द्वार फार वेळ उघडें राहत नाहीं. तासागणिक तें मिटत जातें. बारा तासांनीं तें बरेंचसें मिटलेलें असतें व चोवीस तासांनीं जवळजवळ बंद होतें. तेव्हां घोडीची तयारी म्हणजे एका अर्थीं चिकाची तयारी होय, हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे पुढील सर्व नियमांचें मर्म आपोआप कळतें.

पहिला नियम आहाराचा. गर्भाच्या वजनाची अर्ध्याहून अधिक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. म्हणून आठवा महिना सरल्यावर दाणा हळूहळू वाढवावा. चांगला कडबा, लसूणघास, भिजविलेला हरभरा, थोडें मीठ, पशुवैद्यानें सांगितलेलें क्षारमिश्रण, व स्वच्छ पाणी पुरे. खुराक एकदम वाढविल्यास पोटांत कळ येते, आणि घोडी फार लठ्ठ झाली तर तेंही हिताचें नाहीं. बुरशी लागलेला चारा व दाणा गाभण घोडीपुढें कधींही टाकूं नये. तिला रोज सावकाश फिरवावें; पण शेवटच्या महिन्यांत पाठीवर ओझें लादूं नये.

दुसरा नियम लसीचा. विण्याच्या सुमारें चार ते सहा आठवडे आधीं पशुवैद्याकडून धनुर्वाताची लस टोंचून घ्यावी. यांत दुहेरी लाभ आहे: घोडीचें रक्षण होतें, आणि तिच्या रक्तांत जीं प्रतिकारक द्रव्यें वाढतात तीं चिकांत उतरून शिंगरासही मिळतात. जंतांचें औषधही याच सुमारास पशुवैद्याच्या सल्ल्यानें द्यावें.

तिसरा नियम जागेचा. ज्या ठिकाणीं घोडी विणार, त्या ठिकाणीं तिला निदान एक महिना आधीं आणून ठेवावें. कोणी विचारील कीं, इतकी घाई कशास? कारण असें कीं, प्रत्येक स्थळाचे रोगजंतू निराळे असतात, आणि त्यांशीं परिचय झाल्यावरच घोडीचें शरीर त्यांच्याविरुद्ध द्रव्यें तयार करतें. आयत्या वेळीं नव्या जागीं नेलेल्या घोडीच्या चिकांत त्या जागेविरुद्धचें शस्त्र नसतें. फिरतीवर असणाऱ्या कुटुंबानेंही म्हणूनच शक्य तर घोडीला शेवटचा महिना एका मुक्कामीं, एखाद्या आप्ताच्या वाड्यावर ठेवावें. परक्या व फिरत्या घोड्यांपासून तिला दूर ठेवावें. कारण घोड्यांत असा एक संसर्गजन्य विषाणू आहे कीं ज्यामुळें गाभण घोडीचा गर्भपात होतो. जागा सुमारें बारा फूट लांब व तितकीच रुंद असावी, कोरडी असावी, वारा येता-जाता असावा. खिळे, तारा, दगड दूर करावेत व खालीं स्वच्छ, कोरड्या पेंढ्याचा जाड थर घालावा.

आतां लक्षणें. विण्यापूर्वीं तीन-चार आठवडे कास भरूं लागते. शेवटच्या आठवड्यांत शेपटीच्या बुडख्याजवळचे स्नायू सैल पडतात. पुढें सडांच्या टोंकांवर मेणासारखे पिवळट थेंब दिसतात. बहुधा त्यानंतर एक-दोन दिवसांत घोडी विते. मात्र सडांतून चीक आधींच पुष्कळ गळूं लागला, तर शिंगराचें चिलखत मातींत जात आहे असें समजून पशुवैद्यास तत्काळ कळवावें.

विण्याच्या रात्रीं घोडी अस्वस्थ होते, उठते-बसते, घामाघूम होते. पाणमोट फुटल्यावर मात्र सर्व कारभार अवघ्या वीस-तीस मिनिटांत उरकतो. ह्या अर्ध्या तासांत मनुष्याचें काम काय? दूर, शांत उभें राहून पाहणें. प्रथम पांढुरक्या चकचकीत आवरणांत पुढचे दोन पाय, खूर खालीं व एक पाय किंचित् पुढें, आणि त्यांवर टेकलेलें नाक दिसलें कीं सर्व कांहीं ठीक आहे असें समजावें. उलट खुरांचे तळवे वर असले, एकच पाय दिसला, किंवा दहा-पंधरा मिनिटांत कांहींच पुढें सरकलें नाहीं, तर पशुवैद्यास बोलवावें. म्हणूनच त्याचा फोन क्रमांक आधींच भिंतीवर लिहून ठेवावा. मखमलीसारखें लाल आवरण प्रथम दिसलें तर वाट पाहण्यास अवसर नाहीं. वार आधींच सुटली असून शिंगराचा प्राणवायू तुटत आहे असा त्याचा अर्थ. तें आवरण तेथल्या तेथें फाडून शिंगरूं बाहेर काढण्यास मदत करावी.

शिंगरूं जन्मल्यावर नाळ कापूं नये. घोडी उठली कीं ती आपोआप तुटते. नंतर नाळेचें टोंक पशुवैद्यानें दिलेल्या जंतुनाशकांत बुडवावें. पुढें एक, दोन, तीन हें सोपें कोष्टक मुलांनीं पाठ करावें: एका तासांत शिंगरूं उभें राहावें, दोन तासांत त्यानें चीक प्यावा, आणि तीन तासांत घोडीची वार पडावी. यांपैकीं एकही गोष्ट चुकली तर सकाळची वाट न पाहतां पशुवैद्यास आणावें. पडलेली वार फेंकूं नये; तिचा तुकडा आंत राहिला नाहीं ना, हें वैद्यास तीवरून कळतें.

विद्यार्थिमित्रहो, वरील सर्व नियमांकडे पुन्हां एकवार पाहा. विण्याच्या रात्रीं करावयाचें काम त्यांत किती थोडें आहे! कडबा कोरडा ठेवणें, तारीख टिपणें, लस वेळेवर टोंचणें, जागा झाडणें, हीं सर्व कामें महिना-दोन महिने आधींचीं आणि तुमच्या हातून होण्याजोगीं आहेत. ज्या घरीं तीं झालीं असतील, तेथील माणसास त्या अर्ध्या तासांत हात आवरून, कंदील बाजूस धरून स्वस्थ उभें राहतां येतें. आणि पहाटे आपल्या लांबच लांब पायांवर डळमळत कासेकडे जाणारें शिंगरूं पाहण्याचें भाग्य त्याला लाभतें.