हाताचं वजन

मिरज, रविवार

चि. ओंकार,


तुझा फोन आला तेव्हा मी पेशंटमध्ये होते, म्हणून 'जा की' एवढंच म्हणाले. पुण्याच्या दोन दिवसांच्या डॉप्लर वर्कशॉपला तू नाव नोंदवलंयस, त्याबद्दल दोन शब्द सांगायचे होते. दोनाचे बरेच झाले, म्हणून पत्र.

आधी एक काम कर, बॅगेत हाफ पँट टाक. हसू नकोस. मॉडेल म्हणून तिथे एखादा सडपातळ पोरगा आणून झोपवतात. मशीनभोवती आठ-दहा डॉक्टर, आणि ज्याच्या हातात प्रोब जातो तो काही लवकर सोडत नाही. जेवणाच्या सुट्टीत मात्र मशीन मोकळं असतं. तेव्हा स्वतःच्या मांडीवर जेल लावून बस. बाकीचे मोबाइलवर व्हिडिओ काढत असतील, काढू देत.

आता मुद्द्याचं. तू सर्जन, तुझ्या हाताला जोर लावायची सवय. शिरांच्या तपासणीत पहिल्यांदा शिकायचं ते हाताचं वजन. कातडीखालची सॅफेनस शीर बघताना प्रोब नुसता टेकवायचा. पडद्यावर वरच्या कडेला जेलचा काळा थर दिसत राहिला पाहिजे. तो नाहीसा झाला की समज, तूच शीर दाबून टाकलीस. 'शीर दिसत नाही' असे कितीतरी रिपोर्ट निव्वळ जड हाताचे असतात.

आणि डीव्हीटी, म्हणजे खोल शिरेतली गुठळी, शोधताना नेमकं उलटं. तिथे दाबायचंच. जांघेत प्रोब आडवा धर, मिकी माऊस दिसेल: चेहरा म्हणजे कॉमन फिमोरल व्हेन, बाहेरचा कान आर्टरी, आतला सॅफेनस. दाबलं की व्हेनच्या दोन्ही भिंती एकमेकींना पूर्ण चिकटल्या पाहिजेत आणि आर्टरी जराशी चेपली पाहिजे. आर्टरी चेपली तरी व्हेन मिटत नसेल, तर आत गुठळी आहे. आर्टरी हललीसुद्धा नसेल, तर तुझा दाबच कमी पडला. निदान लिहायची घाई नको. मग एक-दोन सेंटिमीटरवर दाबत दाबत गुडघ्यामागे पोचायचं. मांडीच्या खालच्या भागात, हंटरच्या कॅनॉलपाशी, शीर मिटतच नाही असं वाटेल. तिथे दुसरा हात मांडीखालून घालून मांस प्रोबकडे वर ढकल. ही युक्ती पुस्तकात वाचून कळत नाही, कुणीतरी तुझा हात धरून दाखवावी लागते. वर्कशॉपचे पैसे खरे त्यासाठीच.

मांडीतल्या याच शिरेला पूर्वी 'सुपरफिशियल फिमोरल व्हेन' म्हणत. आहे खोल शीर, नाव वरवरचं. नावाला फसून रक्त पातळ करायचं औषध सुरूच न केल्याचे प्रकार झालेत. तू नुसतं 'फिमोरल व्हेन' लिहीत जा.

माझी एक चूक सांगते. नुकतीच स्वतंत्रपणे रिपोर्ट लिहायला लागले होते. बिडी ओढणारा, चाळिशीचा शेतमजूर, पाऊल थंडगार. त्याच्या आधीचा पेशंट मानेच्या कॅरोटिडचा होता, आणि मशीन तसंच राहिलं: स्केल उंच, वॉल फिल्टर चढा. पोटरीतली मंद धार रंगात उमटलीच नाही. मी 'पोस्टेरिअर टिबियल बंद' लिहून मोकळी. सर्जननं घोट्याशी खिशातला छोटा डॉप्लर टेकवला. आवाज येत होता. बारीक, पण येत होता. बायपास जोडायला खाली आर्टरी उरली आहे की नाही, यावर त्या माणसाचा पाय अवलंबून होता. सर्जन रागावले नाहीत, नुसतं यंत्र माझ्या कानाशी धरलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी मशीनचा आवाज कधी बंद करत नाही. तूही करू नकोस. डॉप्लरनं सिद्धांत मांडला १८४२ मध्ये, प्रागला. तो आवाजाला लागू पडतो का, हे १८४५ मध्ये हॉलंडमध्ये बाइस बॅलट यांनी कसं तपासलं, माहितेय? आगगाडीत कर्णे वाजवणारे बसवले आणि रुळाकडेला सुरांचे जाणकार उभे केले. म्हणजे या विद्येची परीक्षा पहिल्यापासून कानानं झाली आहे. आमच्या सतारमेकर गल्लीत कारागीर तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवतो आणि तानपुऱ्याची जवारी उघडते. तो काय मोजपट्टी लावतो? तसंच पायाचं: निरोगी आर्टरीतली धार फटकारा मारून क्षणभर मागे फिरते. अरुंद जागी सूर चढतो, त्यापुढे तो बोदा होतो. कान तयार झाला की पडद्याआधी कळतं.

पण कान आकडा देत नाही, आणि आकडा कोनावर उभा. कोन ६० अंशांपर्यंतच ठेव. खरा कोन ६० असताना रेघ ६५ वर लावलीस तर वेग सुमारे १८ टक्के जास्त दिसेल. अरुंद जागेतला वेग अलीकडच्यापेक्षा दुप्पट भरला की आपण निम्म्याहून जास्त अडथळा म्हणतो. तेव्हा काठावरच्या पेशंटला तुझी तिरकी रेघ उगीच ऑपरेशन टेबलवर नेईल.

घरचा अभ्यास म्हणून स्वतःच्या दंडावर प्रोब ठेव. मूठ घट्ट आवळ, डायस्टोलमधला प्रवाह आटेल; सोड, भरभरून वाहील. पुढच्या बारीक रक्तवाहिन्या बंद की उघड्या, हे मागच्या आर्टरीत कसं उमटतं, ते त्या एका मुठीत समजतं.

व्हेरिकोजचा पेशंट मात्र झोपवून तपासू नकोस. वर्कशॉपमध्ये वेळेअभावी झोपवतील, तरी तू उभं करायला सांग. भार दुसऱ्या पायावर, पोटरी दाबून सोडायची. सॅफेनसमध्ये अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त, फिमोरल-पॉप्लिटियलमध्ये एका सेकंदापेक्षा जास्त उलटा प्रवाह म्हणजे दोष. जवळ स्टूल आणि एक मावशी असू दे. माझ्याकडे उभ्या उभ्या चक्कर येऊन पडलेले बहुधा धिप्पाड पुरुषच होते.

परत आल्यावर उत्साहात मशीन विकत घेऊ नकोस. फक्त पायांसाठी म्हटलं तरी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याची नोंदणी लागते, आणि दोन दिवसांच्या सर्टिफिकेटनं तो अधिकार मिळत नाही. जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्यांकडे आधी चौकशी कर. तोवर तुझ्या हॉस्पिटलच्या रेडिओलॉजिस्टशेजारी बस. एक वही कर: डाव्या पानावर तुझं निदान, उजवं कोरं. सीटी अँजिओ झाला किंवा तू स्वतः पाय उघडलास, की उजवं पान भर. डावं पान खोडायचं नाही.

दिवाळीला येशील तेव्हा पहिला पेशंट मीच. तीस वर्षं उभ्यानं काम करून उजव्या पोटरीत शिरा फुगल्यात. गेल्या आठवड्यात इथल्या एका मैत्रिणीकडून मॅपिंग करून घेतलं, रिपोर्ट पाकिटात घालून कपाटात ठेवलाय. तू तुझा लिही, मग पाकीट फोडू.

तुझी,
आत्या