वादळाचा हिशेब

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतो. इ. स. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा पाया घातला. तेव्हापासून त्याच्या तटाने शेकडो पावसाळे अंगावर घेतले आहेत. दगडी तटाला वादळाचे भय थोडे. खरे भय किनाऱ्यावरील माडाला, आंब्याला आणि होडीला.

१६ मे २०२१ या दिवशी ‘तौक्ते’ नावाचे चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. हे नाव म्यानमार देशाने सुचविलेले. त्याचा अर्थ पाल! वादळ जमिनीवर चढले ते दुसऱ्या दिवशी रात्री, दूर गुजरातेत. सिंधुदुर्गास त्याचा केवळ पदर लागला. तेवढ्यानेच माड मोडले, घरांची कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे अंधारात बुडाली. देवगड बंदरात नांगरलेल्या नौका बुडाल्या व खलाशांचे प्राणही गेले.

मे महिना हा येथील कमाईचा. झाडावर उरलेला हापूस उतरवायचा असतो, रातांबे पिकलेले असतात. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारीस बंदी असते. म्हणून मेअखेरचे दिवस म्हणजे मच्छीमाराच्या पावसाळी बेगमीचे दिवस. नेमके तेच दिवस वादळाने नेले.

खाली पडलेला आंबा मोजता येतो. पण उन्मळलेल्या कलमाची किंमत कशी करावी? माडाचेच पाहा. नवा माड लावला, तर तो फळास येण्यास सहा-सात वर्षे लागतात. जुना माड वर्षाला साठ नारळ देत होता असे धरले, तर सात वर्षांत चारशे वीस नारळ बुडाले. शासनाने त्या वेळी मोडलेल्या माडामागे २५० रुपये मदत दिली. उरलेला हिशेब बागायतदाराच्या वहीतच राहिला.

एखादेच वादळ आले, तर माणूस सावरतो. परंतु २००९ मध्ये ‘फयान’ आले. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘क्यार’ समुद्रातच राहिले, तरी त्याच्या लाटा मालवणपर्यंत आल्या. २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ रायगडावर आदळले आणि पुढच्याच वर्षी तौक्ते. चक्रीवादळाला बळ मिळते ते समुद्राच्या उष्ण पाण्यातून. पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानाने अरबी समुद्र शांत समजला जाई. आता त्याचेही पाणी तापत आहे. माड फळास येण्यापूर्वीच दुसरे वादळ आले, तर तो लावावा तरी कोणत्या भरवशावर?

सिंधुदुर्गाच्या पाठीशी निदान मोठे राज्य आहे, देश आहे. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिका हा सत्तर हजारांच्या आसपास वस्तीचा बेटवजा देश. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मारिया’ वादळाने एका रात्रीत त्याची जी हानी केली, ती त्या देशाच्या दोन वर्षांच्या एकूण उत्पन्नाहूनही अधिक होती. वादळापासून पळून जाण्यास तेथे दुसरा जिल्हा नाही.

वादळानंतर कोकणातील बागायतदार प्रथम कललेली कलमे पाहतो. ज्यांची मुळे अजून जमिनीत धरून आहेत, त्यांच्या फांद्या छाटतो, दोर लावून त्यांना उभे करतो आणि बुंध्याशी माती चढवतो. पाऊस पडला, की मोडलेल्या माडाशेजारी नवा खड्डा खणला जातो.