उशिरा कळलेले नाव
(प्रौढ वयात निदान होणाऱ्या स्वमग्नतेविषयी)

शास्त्रवाचन: मार्क ७:३१-३७, १ करिंथ १२:१२-२६





मार्कच्या शुभवर्तमानात एका बहिऱ्या व बोलताना अडखळणाऱ्या माणसाची हकिगत आहे. लोकांनी त्याला प्रभू येशूकडे आणले. प्रभूने त्याला बरे केले, हे आपल्या सर्वांच्या लक्षात राहते. त्याआधी प्रभूने काय केले, याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. प्रभूने त्याला गर्दीतून बाजूला, एकांतात नेले आणि त्याला समजेल अशा रीतीने, स्पर्शाने व खुणेने, त्याच्याशी संवाद साधला.

आपल्या धर्मग्रामातही गर्दी सोसत नाही अशी माणसे असतात. असे का होते, हे आपल्याला ठाऊक नसते. पुष्कळदा पन्नाशी उलटेपर्यंत ते त्यांनाही ठाऊक नसते. आजचा पाठ त्यांच्याविषयी आहे.

१. एक ओळखीचे चित्र

समजा, शिवरे गावात पंचावन्न वर्षांचे एक काका आहेत. ते मिस्साला पंधरा मिनिटे आधी येतात आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर ठरलेल्या जागी बसतात. तिथे दुसरे कोणी बसले तर परत घरी जातात. मिस्सा संपून आपण अंगणात बोलत उभे राहतो, तोवर ते निघून गेलेले असतात. लग्नात बँड सुरू झाला की ते रस्त्यावर जाऊन उभे राहतात. "पाच मिनिटांत येतो" असे सांगून कोणी अर्ध्या तासाने आला, तर त्यांचा सारा दिवस बिघडतो. मात्र स्वारगेटच्या गाड्यांच्या वेळा त्यांना तोंडपाठ आहेत आणि त्यांनी लावलेल्या भाताची ओळ दोरी धरल्यासारखी सरळ असते.

गाव त्यांना शिष्ट, एककल्ली, माणूसघाणा म्हणते. घरचे म्हणतात, "यांना मायाच नाही." आणि ते स्वतः वर्षानुवर्षे पापनिवेदनात एकच गोष्ट सांगतात: "फादर, माझ्यात प्रेम नाही."

मग एके दिवशी त्यांचा चार वर्षांचा नातू अजून बोलत नाही म्हणून त्याला पुण्याला नेतात. डॉक्टर 'ऑटिझम' म्हणजे स्वमग्नता असे निदान करतात आणि विचारतात, "घरात आणखी कोणाचा स्वभाव असा आहे का?" सगळे काकांकडे पाहतात.

हे काका आपण केवळ समजण्यासाठी कल्पिले आहेत. परंतु मुलाचे किंवा नातवाचे निदान होताना स्वतःची ओळख पटणे, हा प्रौढांच्या निदानाचा नेहमीचा मार्ग आहे.

२. स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. माणसांचे चेहरे, सूचक बोलणे, थट्टा हे इतरांना आपोआप समजते. अशा व्यक्तीला ते विचार करून समजून घ्यावे लागते. आवाज, प्रकाश, वास, स्पर्श यांचा तिला जास्त त्रास होऊ शकतो. ठरलेला क्रम तिला आधार देतो आणि एखाद्या विषयात ती फार खोल जाते. काहींना बोलताही येत नाही आणि आयुष्यभर सांभाळ लागतो. काही जण शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. हे दुसऱ्या प्रकारचे लोकच बहुधा निदानावाचून राहून जातात.

यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईची माया कमी पडल्याने हे होत नाही, लसीमुळे होत नाही, करणी किंवा शापाने तर नाहीच. आंधळ्या माणसाकडे पाहून शिष्यांनी विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले (योहान ९). तेच उत्तर इथेही लागू आहे.

३. इतका उशीर का होतो?

अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून या स्थितीला वैद्यकशास्त्रात ओळख दिली. पुढच्या वर्षी व्हिएन्नाचे डॉ. हान्स आस्पर्गर यांनी, बोलता येणाऱ्या पण वेगळ्या वागणाऱ्या मुलांविषयी लिहिले. आस्पर्गर यांचे काम इंग्रजी जगात पोचायला १९८१ साल उजाडले. इंग्लंडच्या डॉ. लोर्ना विंग यांनी ते पुढे आणले. त्यांची स्वतःची मुलगी स्वमग्न होती. म्हणजे १९६० किंवा १९७० च्या दशकात शाळेत गेलेल्या मुलाला ओळखणारे कोणी नव्हतेच. गुरुजींनी त्याला हट्टी म्हटले, आईबापांनी लाजाळू म्हटले. मुली तर इतरांचे पाहून वागणे शिकतात आणि आतल्या आत थकतात, म्हणून त्या अधिकच झाकल्या जातात. कित्येकांवर नैराश्य किंवा चिंतारोग समजून उपचार होतात, पण मूळ कारण तसेच राहते.

कॅनर यांच्या यादीतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याला लहानपणीच ओळखले गेले. तो मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावी वाढला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, जगभर फिरला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. गावाने त्याला जसा होता तसा आपला मानला होता.

४. गायिका सुझन बॉइल

स्कॉटलंडच्या सुझन बॉइल या श्रद्धाळू कॅथोलिक आहेत. त्यांचा जन्म १९६१ चा. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, असे त्यांच्याविषयी लहानपणीच सांगितले गेले. शाळेत मुले त्यांना मंद म्हणून चिडवत. पुढे त्यांनी म्हाताऱ्या आईची सेवा केली आणि चर्चमध्ये गायल्या. २००९ साली टीव्हीवरच्या एका स्पर्धेत प्रेक्षक आधी त्यांना हसले, मग त्यांचे गाणे ऐकून उभे राहिले. २०१० साली ग्लासगो येथे पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या मिस्साच्या प्रसंगी त्या गायल्या.

२०१३ च्या डिसेंबरात त्यांनी जाहीर केले की, वर्षभरापूर्वी त्यांना आस्पर्गर म्हणजेच स्वमग्नतेचाच एक प्रकार असल्याचे निदान झाले आहे. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. लहानपणी लावलेला शिक्का चुकीचा होता, हे कळल्याने त्यांना हायसे वाटले. आपण कोण आहोत हे आता नीट समजते, असे त्यांनी सांगितले. त्यांचा आवाज तोच राहिला, अडचणीही त्याच राहिल्या. चुकीचे नाव तेवढे गेले.

५. पाप आणि घडण

आता आपल्या काकांकडे परत येऊ. "माझ्यात प्रेम नाही" हे त्यांचे म्हणणे खरे होते का?

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीप्रमाणे गंभीर पापासाठी तीन गोष्टी लागतात: विषय गंभीर असणे, पूर्ण जाणीव असणे आणि मनापासून संमती असणे. गोंगाटाने जीव घाबरा होऊन जो लग्नातून बाहेर पडतो, त्याने यजमानाचा अपमान करायला संमती दिलेली नसते. डोळ्याला डोळा न देणे हा गर्व नव्हे. संत थॉमस अक्वायनस सांगतात की, प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. काका दर महिन्याला ठरल्या दिवशी, पाऊस असो वा ऊन, पत्नीची औषधे आणतात आणि एकदाही चुकत नाहीत. ते गोड बोलत नाहीत, पण प्रेम करतात. हे त्यांना आणि घरच्यांना कळायला पंचावन्न वर्षे लागली.

निदानाचा मोठा लाभ हा आहे: जे पाप नव्हते त्याचे ओझे उतरते. त्याबरोबर दुःखही येते. "हे आधी कळले असते तर?" हा प्रश्न छळतो, पत्नीलाही आणि मुलांनाही. त्या दुःखाला वेळ द्यावा, घाईने समजूत घालू नये.

मात्र निदान म्हणजे सर्व गोष्टींना माफी नव्हे. कठोर शब्दाने पत्नीचे मन दुखावले असेल, तर हेतू नसला तरी क्षमा मागावी. पत्नीनेही टोमणे न मारता आपल्याला काय हवे ते स्पष्ट सांगावे. सूचक बोलणे त्यांना कळत नाही, सरळ सांगितलेले कळते.

६. कोणाकडे जावे?

निदान मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. यासाठी रक्ताची चाचणी किंवा फोटो नसतो. सविस्तर बोलणे, निरीक्षण आणि लहानपणची माहिती यांवरून ते ठरते. म्हणून आई, आत्या किंवा थोरला भाऊ हयात असेल तर त्यांना बरोबर न्यावे. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. मानसिक त्रासासाठी सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. स्वमग्नता घालवणारे औषध नाही. कोणी तसे सांगून पैसे मागत असेल तर सावध राहावे. सोबत असलेली चिंता, निद्रानाश यांवर मात्र उपचार होतात. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. गरज असेल तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

७. आपण काय करावे?

पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॅटिकनमध्ये स्वमग्न व्यक्तींची व त्यांच्या कुटुंबांची भेट घेतली. त्यांचा एकाकीपणा व त्यांच्यावरचा कलंक दूर व्हावा, असे आवाहन त्यांनी केले. आपल्याला हे सहज करता येईल:

- कोणाची ठरलेली जागा असेल तर ती राहू द्यावी.
- लाऊडस्पीकरचा आवाज बेताचा ठेवावा.
- सणाच्या दिवशी कार्यक्रमात बदल असेल तर आदल्या रविवारी सांगावे.
- शांती देताना आपल्याकडे हात जोडतात. तेवढे पुरे, कोणाला बळेच मिठी मारू नये.
- कोणाच्या स्वभावावरून आपणच निदान करू नये आणि कोणाचे निदान गावभर सांगू नये.

मिस्साचा क्रम ठरलेला असतो. पुढे काय येणार हे तिथे सर्वांना ठाऊक असते. गावातल्या साऱ्या जमावांत काकांना शांत वाटावे अशी हीच एक जागा असेल. ती त्यांच्यासाठी सांभाळावी.

मनन

१. मी कोणाला शिष्ट किंवा माणूसघाणा ठरवले आहे? त्याच्याशी मी कधी एकट्याने, शांतपणे बोललो आहे का?
२. माझ्या घरात न बोलता प्रेम करणारे कोण आहे?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू त्या माणसाला गर्दीतून बाजूला नेलेस. आमच्यातील ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांना तुझा एकांत दे. ज्यांनी नसलेल्या दोषाचे ओझे वाहिले त्यांना विसावा दे. आम्ही न समजता त्यांना जी नावे ठेवली त्याबद्दल आम्हाला क्षमा कर. आमेन.