'बरं आहे'च्या पुढचे प्रश्न

मेहकर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म आशाताई भरतात. तंबाखू, कंबरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर, आणि त्यातच मनाचे दोन प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का, उदास-निराश वाटलं का. प्रत्येकी ० ते ३ गुण. बेरीज ३ च्या वर गेली की तो माणूस आमच्याकडे येतो आणि मी नऊ प्रश्नांचा कागद काढते. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी २०१५ साली सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पाच्या १४ जिल्ह्यांत आमचा बुलढाणा आहे. इथे हे प्रश्न उरकून टाकण्यासारखे नाहीत. ते विचारताना मी शिकले त्या या गोष्टी.

१. कागद हातात देऊन 'भरून द्या' म्हणू नये. पहिल्या वर्षी मी ओपीडीच्या रांगेत फॉर्म वाटले. वेळ वाचला, पण सगळीकडे शून्य. अक्षरही एकच, रांगेतल्या शिकलेल्या पोराचं. शेजाऱ्याच्या पोराला कोण सांगणार, की मला रडू येतं?

२. घरी विचारताना कोण ऐकतंय ते आधी बघावं. सासू दारात बसली की सून 'बरं आहे' म्हणते. बीपी मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं असतं. मी त्यासाठी आतली खोली मागते आणि बीपी मोजून झालं की तिथेच हे प्रश्न विचारते.

३. शब्द ठरवून घ्यावेत. 'रस वाटतो का' म्हटलं की लोक गोंधळतात. 'कामात मन लागते का?' म्हटलं की एखादी आजी लगेच सांगते, "नाही लागत माय, करमतच नाही मले." 'दोन आठवडे'ही नीट पोचत नाही; 'मागच्या दोन बाजारांपासून' म्हटलं की नेमकं आठवतं. मात्र प्रत्येकीने आपापले शब्द वापरले, तर पेरणीच्या वेळचे गुण आणि सोयाबीन काढणीनंतरचे गुण शेजारी ठेवता येत नाहीत. म्हणून आधी छापील प्रश्न, मग आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलेलं वाक्य. ते रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर चिकटवलंय.

४. मोबाइलवरची नोंद नंतर. स्क्रीनकडे बघत विचारलं की माणूस गप्प होतो. मागचे गुण मात्र मोबाइलवर चटकन सापडतात.

५. नवव्या प्रश्नाचं उत्तर पिशवीत घालून घरी नेऊ नये. मरणाचे, स्वतःला इजा करून घेण्याचे विचार येतात का, असा तो प्रश्न. एका शेतकरी दादाने 'काही दिवस' म्हटलेलं मी टिक करून ठेवलं आणि गुण दुसऱ्या दिवशी नोंदताना पाहिलं. धावत गेले. दादा ओट्यावर चहा पीत होते. त्या मधल्या रात्रीची आठवण आली की अजून छातीत धस्स होतं. त्यांच्याशेजारी बसून माझ्याच फोनवरून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर बोलणं करून दिलं. त्यांना विचारून भावाने फवारणीच्या औषधाचे डबे आपल्या घरी नेले. आता बेरीज तिथेच, माणसासमोर करते. आणि नऊ प्रश्न सकाळीच विचारते, म्हणजे 'हो' आलं तर वैद्यकीय अधिकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात असतात आणि त्याच दिवशी त्या माणसाला सोबत घेऊन जाता येतं.