दिव्यांग ग्राहक दुकानात आले की काय करायचं?

या आठवड्याच्या व्हिडिओत काउंटरवर कसं बोलायचं ते घेतलंय. त्यात दिव्यांग ग्राहकांचा भाग दोन मिनिटांत उरकला, म्हणून इथे नीट लिहितोय.

हे चित्र तुम्ही पाहिलं असेल. जोडपं दुकानात येतं. नवऱ्याला दिसत नाही, शर्ट त्यांनाच घ्यायचाय. आणि आपला सेल्समन बायकोला विचारतो, "ह्यांना कोणता रंग दाखवू?" अहो, दिसत नाही म्हणून आवडनिवड नाही का? पैसे पण त्यांच्याच खिशात आहेत. थेट त्यांना विचारा. कापड हातात द्या, रंग सांगा, किंमत सांगा. सुटे परत देताना "ही शंभरची, ही पन्नासची" असं म्हणत एकेक नोट हातात ठेवा. नव्या नोटांची लांबी वेगवेगळी आहे, शंभरची १४२ मिलिमीटर, पाचशेची १५०. काही जण बोटांनी चाचपून खात्री करतात. तेवढा वेळ द्या, मागची रांग थांबेल.

आतल्या रॅकपर्यंत जायचं असेल तर आधी "मदत करू का?" विचारा. हो म्हणाले तर आपलं कोपर पुढे करा, ते धरतील. दंड पकडून ओढत न्यायचं नाही. नको म्हणाले तर विषय संपला.

आता आपल्या मालेगावची गोष्ट. यंत्रमागांचा आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. तिथे वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला कमी ऐकू येतं, यात नवल नाही. त्यांच्याकडे ना काठी असते, ना कानाचं मशीन. ते नुसती मान हलवतात आणि चुकीच्या साइजचा पायजमा घेऊन घरी जातात. दुसऱ्या दिवशी बदलायला आले की आपण वैतागतो! ओरडू नका. ओरडून शब्द स्पष्ट होत नाही, फक्त अख्ख्या दुकानाला कळतं. समोर उभे राहा, चेहऱ्यावर उजेड असू द्या, गाणी बंद करा. तोंडात मावा असेल तर तो आधी थुंकून या, ओठ कसे वाचणार ते? आणि सगळ्यात सोपं म्हणजे कॅल्क्युलेटर. भाव टाइप करून त्यांच्याकडे फिरवा.

बाजारात एक वाईट सवय आहे, "ए बहिऱ्या", "तो लंगडा" असं सर्रास बोलायची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे चारचौघांत मुद्दाम असा अपमान केला तर ६ महिने ते ५ वर्षं कैद आणि दंड आहे. हेल्परलाही सांगून ठेवा, कारण बदनामी होणार ती दुकानाचीच.

"पण सर, असे ग्राहक येतात किती?" २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग नोंदले गेले. तुमच्या ओट्यामुळे जे वर आलेच नाहीत, ते तुम्हाला दिसणार कसे?

रॅम्पचा हिशोब करून बघा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. गटारीवरचा दोन फुटांचा ओटा असेल तर रॅम्प चोवीस फूट, म्हणजे पार रस्त्याच्या मध्यावर! तिथे हट्ट नको. खाली बेल लावा, फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहा आणि माल घेऊन तुम्हीच उतरा. अर्ध्या फुटाची एकच पायरी असेल तर सहा फुटांची काढता येणारी फळी पुरते. व्हीलचेअरला न विचारता हात लावायचा नाही. जास्त वेळ बोलायचं असेल तर स्टूल ओढून बसा, म्हणजे त्यांना मान वर करून बोलावं लागत नाही.

आणि दिव्यांग माणूस फक्त ग्राहकच असतो असं नाही. महाबळेश्वरचे भावेश भाटिया स्वतः अंध आहेत. त्यांनी सनराइज कँडल्स उभी केली, तिथे अंध कामगार मेणबत्त्या बनवतात. दिवाळीला अशा कोणाकडून माल उचलायचा झाला तर दया म्हणून एक पाकीट घेऊन निघू नका. रेट विचारा, मार्जिन बघा, उधारी किती दिवसांची तेही विचारा.