कराटे आणि ज्युदो एकदमच?

प्रश्न: वय २६. नुकताच शोतोकान कराटेच्या क्लासला जाऊ लागलो आहे. त्याच हॉलमध्ये ज्युदोही शिकवतात. दोन्ही एकदम सुरू केलं तर गोंधळ उडेल का?

उत्तर: उडेल, पण तुम्हाला वाटतं तिथे नाही. ठोसा आणि फेक यांची सरमिसळ सहसा होत नाही. घोटाळा होतो तो उभं राहण्यात आणि अंतरात. शोतोकानमध्ये पाय लांब रोवून, गुडघा वाकवून उभं राहायचं आणि समोरच्याला टप्प्याबाहेर ठेवायचं. ज्युदोत तो तुमची कॉलर धरूनच उभा! पुढचा पाय तसा रोवलात, तर तोच झाडला जाईल. उलट कराटे आणि तायक्वांदो ही जोडी मला जास्त अवघड वाटते. लाथा दिसायला सारख्या, पण कंबर वळवण्याची पद्धत निराळी.

तसं कराटे आणि ज्युदोचं नातं जुनं. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १९२२मध्ये शोतोकानचे प्रवर्तक फुनाकोशी यांना कोदोकान या आपल्या ज्युदो-शाळेत कराटेचं प्रात्यक्षिक करायला बोलावलं होतं. कराटेतला पांढरा गणवेश आणि पट्टाही ज्युदोकडूनच आला.

माझं मत विचाराल, तर पट्ट्याच्या पहिल्या एक-दोन परीक्षा होईपर्यंत कराटेच धरा. ज्युदोतलं उकेमी, म्हणजे सुरक्षित पडणं, मात्र आत्ताच शिका. दुचाकीवाल्यांनी तर नक्कीच. पुढे दोन्ही सुरू केलंत, तर वेगवेगळ्या दिवशी जा. आणि दोन्ही सरांना आधी सांगून ठेवा.