सेमिनार ऐकला, आता लिहायचं काय?

"‘नीट’ला गुण कमी पडले म्हणून मुलगी बी.एस्सी.ला आली. आता दर आठवड्याला कुणा शास्त्रज्ञाचं व्याख्यान ऐकते आणि त्याचा सारांश लिहीत बसते. गुण किती, तर दहा! तेवढ्या वेळात स्पर्धा परीक्षेची दोन प्रकरणं झाली नसती का?"

पालकसभेत हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्या बाबांच्या आवाजात राग कमी, धास्ती जास्त. माझं उत्तरही ठरलेलं आहे: जीवशास्त्रात पुढे जायचं असेल तर हे दहा गुण बाकीच्या नव्वदांपेक्षा जास्त कामाला येतील. एम.एस्सी.च्या किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीत "अलीकडे काय ऐकलंत?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना देता येतं. "पण त्यांना ते कशावरून कळलं?" असं विचारलं की गाडी अडते.

ती का अडते हे मुलांच्या वहीत दिसतं. पाहुण्यांचा परिचय, विषयाची व्याप्ती, तीनचार अवघड शब्द, शेवटी आभार. हे झालं सभेचं इतिवृत्त. सारांशात आधी प्रश्न लागतो. मग तो सोडवण्याची युक्ती, हाती काय आलं, आणि त्यातून कुठली शक्यता बाद झाली. हे शेवटचं तर जवळजवळ कुणीच लिहीत नाही.

एक ओळखीचं उदाहरण घेऊ. मेसेल्सन आणि स्टाल यांचा 1958चा प्रयोग पाठ्यपुस्तकात असतोच. समजा, त्या वर्षी कॅलिफोर्नियात त्यांचं व्याख्यान तुम्ही ऐकलंत. ‘डीएनएची प्रत अर्धसंरक्षी पद्धतीने होते असं त्यांनी सिद्ध केलं’ हे वाक्य खरं आहे, पण त्यासाठी सेमिनारला बसायची गरज नव्हती. सारांश असा हवा:

‘डीएनएची प्रत होताना जुन्या दोन धाग्यांचं काय होतं? ते एकत्र राहतात, वेगळे होऊन एकेका नव्या धाग्याशी जोडी जमवतात, की तुकड्यातुकड्यांनी सगळीकडे विखुरतात? ई. कोलाय जीवाणू अनेक पिढ्या जड नायट्रोजन-15 वर वाढवले, मग साध्या नायट्रोजन-14 वर नेले. डीएनए सिझियम क्लोराइडच्या द्रावणात अतिवेगाने फिरवला, की जड आणि हलक्याचे पट्टे वेगळे दिसतात. एका पिढीनंतर मधोमध एकच पट्टा दिसला. म्हणजे पहिली शक्यता बाद, कारण तसं असतं तर जड आणि हलका असे दोन पट्टे दिसले असते. तिसरी मात्र अजून शाबूत होती. दुसऱ्या पिढीनंतर एक मधला आणि एक हलका पट्टा दिसला, तेव्हा तीही गेली.’

यातलं ‘तिसरी मात्र अजून शाबूत होती’ हे वाक्य लिहिणारा मुलगा मुलाखतीत अडखळणार नाही. एक पिढी पुरली नाही, दुसरीपर्यंत का थांबावं लागलं, हे त्याला उमगलेलं असतं.

व्याख्यानात बसल्यावर प्रत्येक स्लाइड उतरवू नका. पहिल्या दहा मिनिटांत प्रश्न पकडा. आलेखाच्या दोन्ही अक्षांवर काय आहे ते टिपा. ‘कंट्रोल’ कुठला होता ते शोधा. दही विरजणामुळेच लागतं हे दाखवायचं तर शेजारी विरजण न घातलेलं दूधही ठेवावं लागतं, तो कंट्रोल. आणि शेवटच्या प्रश्नोत्तरांत डबा उघडायला पळू नका. कामातल्या कच्च्या जागा तिथेच उघड्या पडतात. जे कळलं नाही ते ‘कळलं नाही’ असंच लिहावं. जड शब्दांनी झाकलेलं अज्ञान परीक्षकाला पहिल्या ओळीत दिसतं.

आणखी एक. सेमिनारमधली बरीच माहिती अजून प्रसिद्ध झालेली नसते. स्लाइडचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. सारांश वर्गाबाहेर द्यायचा असेल तर वक्त्याची परवानगी घ्या.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी पहिला खर्डा खुशाल मराठीत करावा. इंग्रजी दुसऱ्या फेरीत सुधारता येतं, गोंधळलेला विचार मात्र इंग्रजीत गेल्यावर आणखीच गोंधळतो. पुण्या-मुंबईत असाल तर पाषाणची आयसर, आघारकर संशोधन संस्था, कुलाब्याची टीआयएफआर यांच्या संकेतस्थळांवर नजर ठेवा, आणि व्याख्यान बाहेरच्यांना खुलं आहे का ते आधी विचारा. गावी असाल तर ‘आयबायॉलॉजी’वर शास्त्रज्ञांची व्याख्यानं फुकट आहेत. तिथे थांबवून पुन्हा ऐकता येतं, ही सोय सभागृहात नाही.

लिहिलेले सारांश तारखेसकट एका फाइलीत ठेवा. दोन वर्षांनी उन्हाळी प्रकल्पासाठी एखाद्या शास्त्रज्ञाला ईमेल लिहाल, तेव्हा ‘मला संशोधनाची आवड आहे’ या वाक्याऐवजी ‘तुमच्या व्याख्यानातल्या तिसऱ्या आलेखाबद्दल एक शंका आहे’ असं लिहायला ती फाइल लागेल.